लांब ट्रकचा शाफ्ट : एक तुकडा की दोन?



अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या ढाब्यावर चहाला थांबलात, तर तिथे उभ्या असलेल्या ट्रककडे एकदा बाजूनं वाकून पाहा. गाडीखाली शिरायचं नाही, फक्त वाकून पाहायचं, आणि तेही ड्रायव्हरभाऊंना विचारून. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलपर्यंत एक गोल, पोकळ लोखंडी नळी गेलेली दिसेल. हाच प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत पोचवायचं काम त्याचं.

छोट्या मालगाडीत ही नळी बहुतेक वेळा एकसंध असते. लांब ट्रकमध्ये मात्र ती मध्येच तोडलेली दिसते. दोन तुकडे, कधी तीन. जिथे तुकडे जुळतात तिथे चेसिसच्या आडव्या पट्टीला रबरात बसवलेलं एक बेअरिंग टांगलेलं असतं. मिस्त्री लोक त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात.

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रक चालवतात. ‘ध्वनी’ शिकवत असताना त्यानं मध्येच हात वर केला. "सर, गाडीखालचा शाफ्ट मधातच कामून तोडला असते?" मी सहज म्हणालो, "लांब नळी स्वतःच्या वजनानं वाकेल ना, म्हणून." त्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुढचा प्रश्न घेऊन आला. त्यांच्या गाडीचं सेंटर बेअरिंग सारखं खराब होत होतं. कोणीतरी मालकाला सुचवलं होतं, की ही कटकटच नको, दोन तुकडे काढून एकच लांब आणि जाड नळी बनवून टाका. जोड कमी, खर्च कमी, मजबुती जास्त. "सर, बाबा म्हणतात, जाड नळी लावली तर चालते का?"

माझं कालचं उत्तर खरं असतं तर जाड नळी लावून काम भागायला हवं होतं. पण ते उत्तर अर्धवट होतं. आणि त्या गाडीच्या स्टिअरिंगवर त्याचे वडील बसणार होते. म्हणून मग आम्ही वर्गातच हा हिशोब करून पाहिला. तुम्हालाही तो तुमच्या वर्गात, नाही तर घरी मुलांसोबत करता येईल.

दोरीवरच्या उड्या आठवा

दोन मुली दोरीची दोन टोकं धरून फिरवतात तेव्हा दोरी मध्ये फुगते. टोकं जागेवर आणि पोट बाहेर. आता तिसरीला मधोमध उभं करा आणि तिच्या हातून दोरी सैलसर धरून ठेवा. एकाऐवजी दोन लहान पोटं तयार होतात, आणि पूर्वीएवढा फुगवटा यायला दोरी बरीच जोरात फिरवावी लागते.

फिरत्या शाफ्टचंही असंच होतं. कोणतीही नळी शंभर टक्के सरळ आणि सगळीकडे सारख्या वजनाची नसते. तिचं वस्तुमानकेंद्र फिरण्याच्या अक्षापासून केसभर तरी बाजूला असतंच. नळी फिरायला लागली की तो केसभर फरक तिला बाहेर ढकलतो, आणि पोलादाचा ताठरपणा तिला परत आत ओढतो. वेग कमी असताना ताठरपणा जिंकतो. पण बाहेरची ढकल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ढकल चौपट. ताठरपणा मात्र तेवढाच राहतो. अशा रीतीनं एका ठरावीक वेगाला दोन्ही बरोबरीत येतात. मग नळीला आवरणारं कोणी उरत नाही. ती दोरीसारखी मध्ये फुगते, थरथरते, वाकते आणि शेवटी तुटते. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात.

लक्षात घ्या, इथे माल किती भरला याचा संबंध नाही. गाडी रिकामी असली तरी क्रांतिक वेग तोच. म्हणजे शाफ्टचे दोन तुकडे ताकद वाढवायला केलेले नसतात. ते वेगासाठी केलेले असतात.

फूटपट्टीचा प्रयोग

हा नियम फळ्यावर सांगण्याआधी मुलांना ऐकवा. ३० सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी घ्या. टेबलाच्या काठावर ती घट्ट दाबून धरा आणि २४ सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा. टोक दाबून सोडा. पट्टी फडफडताना डोळ्यांना दिसेल. आता फक्त १२ सेंटिमीटर बाहेर ठेवून परत सोडा. या वेळी फडफड दिसण्याऐवजी 'भुर्रर्र' असा आवाज येईल.

इथे मुलांना विचारा, लांबी निम्मी केली तर कंपनं किती पट झाली? बहुतेक जण दुप्पट म्हणतील. त्यांचं फार चुकलं असंही नाही, कारण ताणलेल्या तारेचं तसंच असतं. एकतारीची तार निम्म्यावर दाबली की वारंवारता दुप्पट होते. पण पट्टी आणि नळी यांना तारेसारखं ताणलेलं नसतं. त्या स्वतःच्या ताठरपणामुळे परत येतात. त्यांची वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी, वारंवारता चौपट. मोबाइलवर स्लो मोशन चित्रीकरण करून लांब पट्टीची कंपनं मोजता येतात. वेगवेगळ्या लांबीसाठी मोजून तक्ता केला तर आठवीच्या गणितातलं 'चलन' हे प्रकरण मुलांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

शाफ्टचा क्रांतिक वेग म्हणजे त्या नळीची स्वतःची आडवी कंपनं दर मिनिटाला जितकी, तितके फेरे. त्यामुळे पट्टीचाच नियम त्याला लागू पडतो.

आता आकडे

पोलादी नळीसाठी सूत्र असं आहे. बाहेरच्या व्यासाचा वर्ग आणि आतल्या व्यासाचा वर्ग यांची बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा. त्याला १२ कोटी २० लाखांनी गुणा आणि लांबीच्या वर्गानं भागा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या. उत्तर येतं दर मिनिटाला फेऱ्यांमध्ये.

उदाहरणाला नळी घेऊ १०० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि ४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची. म्हणजे आतला व्यास ९२. वर्गांची बेरीज १८,४६४ आणि वर्गमूळ साधारण १३६. यावरून लांबीप्रमाणे क्रांतिक वेग असे येतात :

दीड मीटर : सुमारे ७,३७० फेरे
२ मीटर : सुमारे ४,१४५ फेरे
अडीच मीटर : सुमारे २,६५० फेरे
३ मीटर : सुमारे १,८४० फेरे

दीड मीटर आणि ३ मीटरचे आकडे शेजारी ठेवा. बरोबर चौपट.

आता ट्रकला किती फेरे लागतात ते पाहू. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो, म्हणून ८० धरू. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर. मोठ्या ट्रकच्या चाकाचा व्यास साधारण १ मीटर, म्हणजे परीघ ३.१४ मीटर. भागाकार केला की चाकाचे मिनिटाला ४२४ फेरे येतात. डिफरन्शिअलमध्ये शाफ्टचे ६ फेरे झाले की चाकाचा १ फेरा होतो असं धरा. मग शाफ्टचे झाले सुमारे २,५४५ फेरे.

सूत्रातला आकडा आदर्श नळीचा आहे. खऱ्या गाडीत टोकांना जड जॉइंट असतात, बेअरिंग रबरात असतं, नळीला कुठेतरी पोचा आलेला असतो. म्हणून क्रांतिक वेगाच्या साधारण ७० टक्क्यांच्या आतच राहायचं, असा हिशोब धरणं शहाणपणाचं. २ मीटरच्या नळीचे ७० टक्के म्हणजे २,९०० फेरे. आपली गरज २,५४५ ची. म्हणजे एकसंध शाफ्ट चालतो. अडीच मीटरचे ७० टक्के म्हणजे सुमारे १,८५५. इथे चालत नाही. ३ मीटरवर तर खुद्द क्रांतिक वेगच आपल्या गरजेच्या खाली आहे.

त्या मुलाच्या वडिलांच्या ट्रकचा शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३ मीटरचा होता. तो एकसंध केला असता तर १,८४० फेऱ्यांवर घात झाला असता. हा वेग रस्त्यावर किती होतो? १,८४० भागिले ६ म्हणजे ३०७. गुणिले ३.१४ म्हणजे मिनिटाला ९६४ मीटर. म्हणजे ताशी सुमारे ५८ किलोमीटर.

फळ्यावर ५८ हा आकडा आला तेव्हा वर्ग शांत झाला. कारण ५८ हा काही फार वेग नाही. आपल्या हायवेवर तो रोजचा आहे.

रस्ता सुधारला, परीक्षा कडक झाली

इथे आपल्या भागातली एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. अमरावती-अकोला हा पट्टा कित्येक वर्षं खड्ड्यांसाठी ओळखला जायचा. मग जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ३ जूनला सकाळी सुरू झालेलं काम ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबलं. आपण सगळ्यांनीच तेव्हा अभिमानानं एकमेकांना फोटो पाठवले होते.

आता शाफ्टच्या बाजूनं विचार करा. खड्ड्यांच्या रस्त्यावर ट्रक ३०-४० च्या वर जातच नव्हता. चुकीचा लांब शाफ्टही त्या वेगाला मुकाट्यानं फिरला असता, कारण आपल्या उदाहरणात ७० टक्क्यांची सीमा ताशी ४० च्या आसपास येते. गॅरेजच्या आवारात चक्कर मारली, अकोल्याच्या गर्दीतून गाडी काढली, तरी काहीच कळलं नसतं. मिस्त्री आणि मालक दोघंही म्हणाले असते, "पाहा, काही झालं का?" पण चांगल्या चौपदरी रस्त्यावर गाडी ६०-७० ला लागली की मग? काही यंत्रं क्रांतिक वेग झटकन ओलांडून त्याच्या वर सुरक्षित फिरत राहतात. ट्रकला ती सोय नाही. तो चढ-उतारांवर, ओव्हरटेक करताना त्याच वेगाच्या आसपास रेंगाळतो.

आणि शाफ्ट तुटतो म्हणजे गाडी नुसती थांबते असं नाही. पुढचं टोक सुटून खाली आलं तर ते रस्त्यात रुतू शकतं. मागचं टोक सुटलं तर फिरती नळी आजूबाजूला आपटत राहते. जवळूनच ब्रेकच्या हवेच्या नळ्या गेलेल्या असतात, डिझेलची टाकीही फार लांब नसते. म्हणूनच चांगल्या बांधणीच्या गाडीत शाफ्टभोवती एक लोखंडी कडं लावलेलं असतं. तुमच्या गाडीचं ते कडं कोणी 'अडचण होते' म्हणून काढून ठेवलं असेल, तर आधी परत लावून घ्या.

जाड नळीनं का भागत नाही

वडिलांचा प्रश्न जाड नळीचा होता. पत्रा ४ ऐवजी ८ मिलिमीटर घेऊन पाहू. बाहेरचा व्यास तोच, आतला ८४. वर्गमूळ येतं १३१. म्हणजे १३६ वरून कमीच झालं! भरीव दांडा घेतला तर आतला व्यास शून्य, आणि वर्गमूळ फक्त १००. वजन कितीतरी वाढलं आणि क्रांतिक वेग पाव हिश्श्याहून जास्त घसरला. मुलांना इथे हमखास आश्चर्य वाटतं. कारण साधं आहे. जास्तीचं लोखंड अक्षाजवळ भरलं की ताठरपणा थोडाच वाढतो, वजन मात्र पुरेपूर वाढतं. पिळाच्या ताकदीसाठी जाडी उपयोगी पडते, या कामासाठी नाही.

मग व्यास वाढवला तर? त्याचा उपयोग होतो, पण सरळ प्रमाणातच. ३ मीटरसाठी ७० टक्क्यांचा नियम पाळायचा तर नळी जवळजवळ २०० मिलिमीटर व्यासाची घ्यावी लागेल. एवढी जागा गाडीखाली कुठून आणणार? ॲल्युमिनियम घेतलं तर? ते हलकं, पण त्याच प्रमाणात लवचिकही. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि क्रांतिक वेग पोलादाएवढाच राहतो. कार्बन फायबरच्या नळीत मात्र खरा फायदा मिळतो, पण तिची किंमत ट्रकमालकाला परवडणारी नाही. उरतो सगळ्यांत स्वस्त उपाय. मध्ये एक आधार द्या आणि लांबी निम्मी करा. ३ मीटरचे दीड-दीड मीटर झाले की ७,३७० चे ७० टक्के म्हणजे सुमारे ५,१६०. गरजेच्या दुप्पट.

मग सगळ्यांनाच दोन तुकडे का नाहीत?

कारण तोडण्याची किंमत मोजावी लागते. एकसंध शाफ्टला दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. दोन तुकड्यांच्या शाफ्टला तीन. म्हणजे एक क्रॉस जास्त, ग्रीस द्यायची एक जागा जास्त. वर सेंटर बेअरिंग, त्याचं रबर आणि त्याला धरणारी मजबूत आडवी पट्टी.

दुसरी किंमत कोनांची. मागचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होत असतो. तो १० सेंटिमीटर वर आला तर ३ मीटरच्या शाफ्टचा कोन २ अंशांहून कमी बदलतो. दीड मीटरच्या मागच्या तुकड्याचा कोन जवळजवळ ४ अंशांनी बदलतो. हे महत्त्वाचं, कारण युनिव्हर्सल जॉइंट वाकड्यात फिरताना वेग सारखा देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढचा शाफ्ट थोडा जोरात आणि दोनदा थोडा हळू फिरतो. कोन १० अंश असेल तर फरक दीड टक्का वर, दीड टक्का खाली. हा चढउतार दुसऱ्या जॉइंटनं भरून काढायचा असतो. त्यासाठी दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. या जॉइंटला हुकचा जॉइंट असंही म्हणतात. स्प्रिंगच्या नियमात आपण ज्याचं नाव शिकवतो तोच हा रॉबर्ट हुक.

दोन तुकड्यांत पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ रेषेत ठेवतात, म्हणजे पहिल्या जॉइंटचा कोन अगदी लहान राहतो. चढउताराची जुळवाजुळव मागच्या तुकड्याचे दोन जॉइंट करतात. सेंटर बेअरिंगची पट्टी थोडी जरी वर-खाली बसली तरी हा हिशोब बिघडतो. मग गाडी उचल घेताना गुरगुरते आणि बेअरिंग लवकर जातं. त्या मुलाच्या वडिलांच्या गाडीचं बेअरिंग 'सारखं खराब' होण्यामागे असंच काहीतरी असणार, हे आमच्या लक्षात तेव्हा आलं. दोष दोन तुकड्यांचा नव्हता, बसवण्याचा होता.

म्हणून निवड करताना क्रम असा ठेवा. जॉइंटपासून जॉइंटपर्यंत लांबी मोजा. सर्वांत जास्त वेगाला शाफ्टचे फेरे काढा. क्रांतिक वेगाच्या ७० टक्क्यांत ते बसले तर एकसंधच घ्या. तो हलका, स्वस्त आणि कमी देखभालीचा असतो. बसले नाहीत तर दोन तुकडे करा, आणि मग सेंटर बेअरिंगची उंची, काट्यांची रेषा आणि ग्रीस यांत हयगय करू नका.

ट्रकशी संबंध असलेल्या पालकांसाठी

शाफ्ट खोलण्याआधी सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना रंगानं खूण करा. कंपनीचे बाण असतील तर ते समोरासमोर येतील असंच परत जोडा. नळीवर छोटे चौकोनी पत्रे चिकटवलेले दिसतील. ते कचरा नाहीत, तोल साधायला मुद्दाम जोडलेली वजनं आहेत, ती काढू नका. नळीला वेल्डिंग केलं असेल तर तोल परत तपासून घ्या. आणि ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल, त्याच्या खाली नाही, तर ते दुखणं अंगावर काढू नका.

तो हिशोबाचा कागद मुलानं घरी नेला. वडिलांनी तो मिस्त्रींना दाखवला. मिस्त्री हसून म्हणाले, "हे आमाले ठाऊकच हाय भाऊ, आकडे तेवढे ठाऊक नव्हते. आता मालकालेच दाखवा." मालकानं ५८ चा आकडा पाहिला, सेंटर बेअरिंग नवं घेतलं, पट्टीची उंची नीट करून घेतली आणि दोन तुकडे तसेच ठेवले.

मला मात्र त्या मुलाचे आभार मानायचे होते. माझ्या पहिल्या उत्तरावर तो गप्प बसला असता तर मीही ते दरवर्षी तसंच सांगत राहिलो असतो. तुमच्या वर्गात किंवा घरात असा एखादा 'कामून' ऐकू आला तर लगेच उत्तर देऊ नका. फूटपट्टी काढा, टेबलाच्या काठावर धरा आणि मुलांनाच मोजू द्या.